दुसरी प्रत

माझ्या वहीच्या शेवटच्या पानावर एक यादी असते. ज्यांना भेटायला जायचं ठरवलं आणि गेलो नाही, अशा माणसांची. वही संपली की नव्या वहीत ती उतरवून घेतो. काही नावं माणूस वारल्यामुळे कटली, दोन-तीन मी खरोखर जाऊन आलो म्हणून कटली. पहिलं नाव मात्र बारा वर्षं झाली, दर वहीत तसंच उतरतं आहे : गनीसाहेब मुन्शी, मुक्काम मुरुम.

परवा कचेरीत आमचे हेडक्लार्क वर्तमानपत्र मोठ्यानं वाचत होते. कुठल्याशा मोठ्या देशानं लहान देशाच्या हद्दीत फौज घातली होती आणि राष्ट्रांच्या परिषदेनं त्यावर ठराव केला होता. "ठराव पाळतंय कोण," असं म्हणून त्यांनी पान उलटलं आणि बाजारभाव वाचायला घेतले. पण कागदावर ठरलेलं पाळणारा एक माणूस मी पाहिला होता आणि त्याचं काय झालं तेही पाहिलं होतं. घरी आल्यावर वहीचं शेवटचं पान उघडलं. मुरुमला जाणं या वर्षीही होणार नाही हे मला ठाऊक आहे. निदान लिहून तरी ठेवावं.

तेव्हा मी बार्शी तालुक्यात देवी टोचण्याच्या कामावर होतो. लोक आम्हाला देवी डॉक्टर म्हणायचे. गावोगाव जायचं, मुलांची यादी करायची, दंडावर टोचायचं, आठव्या दिवशी परत जाऊन फोड धरला की नाही ते बघायचं, यादीत खूण करायची. काम सरळ होतं, एक गाव सोडून. ते गाव चांदवडी.

बार्शी तालुका इंग्रजांचा. पलीकडचा उस्मानाबाद जिल्हा, लोकांच्या तोंडी धाराशिव, निजामाचा. पण दोन्हींमधली सीमा सरळ नव्हती. कधीकाळच्या वाटण्यांमुळे आमची काही गावं निजामाच्या मुलखाच्या पोटात अडकली होती. चांदवडी त्यातलंच. चारी बाजूंनी निजामाची शिवारं आणि मध्ये इंग्रजांची दीडशे घरं. चांदवडीच्या माणसाला बार्शीच्या बाजाराला यायचं तर पाच मैल परक्या राज्यातून यावं लागे. मला तिथं जायचं तर तेच पाच मैल उलटे. त्यासाठी हद्दीवरच्या नाक्यावर राहदारी मिळायची, म्हणजे जाण्यायेण्याचा परवाना. ती देणारे गनीसाहेब मुन्शी.

पहिल्यांदा गेलो तेव्हा मी घाईत होतो. लशीच्या काचेच्या नळ्या ओल्या फडक्यात गुंडाळून आणल्या होत्या आणि ऊन चढत होतं. नाका म्हणजे धाब्याची एक खोली, पुढं ओटा, ओट्यावर लिंबाची सावली. आत बैठ्या मेजामागं एक उंच, किंचित वाकलेला माणूस. काळ्या शेरवानीचा रंग धुऊन धुऊन तपकिरी झालेला, डोक्यावर रुमी टोपी, भिंतीला टेकवलेली छत्री. त्यांनी माझा कागद वाचला. मग दोन बोरू काढले. एक उर्दूसाठी कापलेला, दुसरा मोडीसाठी. दोन्हींचे काप वेगळे, डबे वेगळे. आधी उर्दूत एक प्रत लिहिली. वाळू टाकली, झटकली. मग दुसरा बोरू घेऊन तेच सगळं मोडीत, पहिल्यापासून.

मी म्हणालो, लस उन्हानं मरते, एका प्रतीवर भागवा. त्यांनी मान वर केली नाही. हातानंच कोपऱ्यातला रांजण दाखवला. रांजणाखाली ओली वाळू होती आणि वाळूत बरोबर माझ्या डब्याएवढा खड्डा करून ठेवलेला होता. माझ्या आधी या कामावर असलेल्या माणसासाठी त्यांनी तो केला होता. "डबा तिथं ठेवा. लस मरणार नाही. घाईनं लिहिलेला कागद मात्र मरतो," ते म्हणाले.

मग त्यांनी नळ्या मोजल्या. त्यांचं मराठी धाराशिवच्या वकिलासारखं होतं, उर्दू हैदराबादची, पण मोजताना ते कानडीत जात. ओंदु, एरडु, मूरु. मुरुमच्या बाजूला कानडी घरोघर चालते; लहानपणी आजीच्या मांडीवर मोजायला शिकलो, ते तेवढं राहून गेलं, असं ते म्हणत. मोजताना बोटं एकेक मिटत जायची. चाळीस नळ्या असं दोन्ही प्रतींत लिहिलं. परत येताना रिकाम्या नळ्याही मोजून घेतल्या. आत गेलं ते बाहेर आलं पाहिजे, हा त्यांचा नियम.

त्या दोन प्रतींबद्दल सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. जुन्या काळी दोन्ही सरकारांत असं ठरलं होतं, की अडकलेल्या गावांची जी ये-जा होईल तिची नोंद दोन प्रतींत करायची. एक आपल्या वरच्या कचेरीला, दुसरी समोरच्या सरकारला. मुन्शीजी दर आठवड्याला दुसऱ्या प्रती पाकिटात घालून, लाखेची मोहर लावून बार्शीला पाठवत. बार्शीकडूनही तशाच प्रती यायला हव्या होत्या. त्या यायच्या बंद होऊन किती वर्षं झाली ते कोणालाच आठवत नव्हतं. मी एकदा विचारलं, तिकडून येत नाहीत तर तुम्ही का पाठवता? ते म्हणाले, "त्यांचं त्यांच्याकडे. आपलं आपण लिहायचं."

तरुणपणी ते वकिलीसाठी हैदराबादला गेले होते. वडील गेले आणि सहा महिन्यांत परत यावं लागलं. येताना एक जाड उर्दू पुस्तक आणलं होतं, मुलकामुलकांमधल्या कायद्याचं. त्यात तह होते, वकिलाती होत्या, समुद्र होते. मुन्शीजींनी समुद्र पाहिला नव्हता. पण समुद्रात जहाजाला वाट द्यावी लागते, हे ते मला चांदवडीची बैलगाडी दाखवून समजावून सांगत. मी एकदा म्हटलं, इथं चोरी केली तर पोलीस धरतो. एका राज्यानं दुसऱ्याचा करार मोडला तर कोण धरतं?

"कोणी नाही. तिथं पोलीस नाही, गोविंदराव. तिथं फक्त लाज आहे. आपण कागद पाळला, की समोरच्याला मोडताना थोडी लाज वाटते. तेवढ्यावरच चालतं सगळं."

हे ऐकून मला हसू आलं होतं, हेही लिहिलं पाहिजे.

चांदवडीचे लोक त्यांची थट्टा करत. एकदा गावचा सोडलेला वळू हद्द ओलांडून निजामाच्या शेजारच्या गावात गेला आणि तिथल्या पाटलानं तो कोंडवाड्यात घातला. चांदवडीचे पाटील किसनराव काठ्या घेतलेली दहा माणसं घेऊन निघाले होते. वाटेत मुन्शीजींनी त्यांना अडवलं. परक्या राज्यात काठ्या घेऊन शिरणं म्हणजे काय ते समजावलं आणि स्वतः जाऊन वळू नाक्यावर आणून बांधला. मग दोन्ही कचेऱ्यांना लिहिलं. बार्शीचं उत्तर यायला पावसाळा गेला. तोवर वळू लिंबाखाली मुन्शीजींच्या कडब्यावर फुगत होता. शेवटी उत्तर आलं आणि हद्दीच्या दगडापाशी हवाली करण्याचा दिवस ठरला. मी त्या दिवशी योगायोगानं तिथं होतो. किसनराव म्हणाले, "मुन्शीजी, समद्यास्नी राहदारी देता, आमच्या बैलाला बी द्या की."

"दिली आहे, पाटील. दोन प्रतींत. फक्त खाली त्याच्या खुराचा ठसा राहिलाय, तेवढा तुम्ही धरून लावा."

ओट्यावरचे सगळे हसले. मुन्शीजी हसले नाहीत. वळूची दोरी त्यांनी दगडाच्या अलीकडून पलीकडे दिली, पावती घेतली आणि घडी करून टोपीत ठेवली. दहा माणसांच्या काठ्या त्या दिवशी घरीच होत्या, हे माझ्या लक्षात फार उशिरा आलं.

मग सत्तेचाळीस साल आलं. इंग्रज गेले. बार्शी हिंदुस्थानात आली, धाराशिव निजामाकडेच राहिलं. काल शेजारी होते ते आज दोन देश झाले, आणि चांदवडी एका देशाच्या पोटात दुसऱ्या देशाचं गाव झालं. दिवाळीनंतर दोन्ही सरकारांत जैसे थे करार झाला. वर्षभर सगळी जुनी व्यवस्था होती तशी चालू ठेवायची. मुन्शीजींनी वर्तमानपत्रातून तो करार मोठ्या अक्षरात उतरवला आणि नाक्याच्या भिंतीला खळीनं चिकटवला. त्या दिवशी त्यांनी मला चहा पाजला. एरवी ते पाजत नसत. परवाना मागायला आलेल्याला चहा पाजणं त्यांच्या नियमात बसत नव्हतं. "दोघांची सही आहे," ते दोनदा म्हणाले.

पण लिहिलेलं एकीकडे आणि रस्ता एकीकडे. नाक्याच्या ओट्यावर रझाकार येऊन बसू लागले. त्यांचा जमादार, म्हणजे पुढारी, हुसेन, तिथल्याच जवळच्या गावचा, चौथीपर्यंत शिकलेला, मुन्शीजींना मामू म्हणणारा. आमच्या बाजूनंही सगळं सरळ नव्हतं. मीठ, रॉकेल, औषधं पलीकडे जाऊ द्यायची नाहीत असं सुरू झालं होतं. मुन्शीजींनी एक नवीन वही घातली. करारात ठरलं काय आणि नाक्यावर घडलं काय, ते ते त्यात लिहीत. आधी निजाम सरकारकडून मोडलेलं, मग हिंदुस्थानकडून. हुसेननं एकदा विचारलं, की मामू, आपलंच आधी का लिहिता? तर म्हणाले, आधी आपल्या घरचं लिहावं. या वहीच्याही दुसऱ्या प्रती बार्शीला जात होत्या.

त्या हिवाळ्यात मी बार्शीच्या तालुका कचेरीत काही जुनी यादी शोधायला गेलो होतो. दप्तरखान्यात एका फळीवर लाल फडक्यात बांधलेलं गाठोडं दिसलं. त्यातून पाकिटांच्या कडा बाहेर आल्या होत्या आणि प्रत्येक कडेवर लाखेची मोहर होती. कारकुनाला विचारलं. तो म्हणाला, "निजामाच्या मुन्शीचं टपाल. आलं की तिथं ठेवायचं." उघडत नाही का, असं विचारलं तर म्हणाला, "त्यात असतंय काय?"

हे मी मुन्शीजींना सांगितलं नाही. सांगून काय होणार, असा व्यवहारी विचार केला.

अठ्ठेचाळीसच्या उन्हाळ्यात चांदवडीत देवी निघाल्या. गावचा एक माणूस रानातून चोरवाटेनं बार्शीला आला आणि त्यानं कचेरीत सांगितलं. नळ्या अपुऱ्या होत्या. मिळाल्या तेवढ्या घेऊन मी निघालो. नाक्यावर पोचलो तेव्हा सकाळचे नऊ वाजले असतील. हुसेन आणि त्याची पाच-सहा माणसं ओट्यावर होती. मुन्शीजींनी नेहमीप्रमाणे डबा वाळूत ठेवायला लावला आणि दोन्ही बोरू काढले.

हुसेन दारात येऊन उभा राहिला. "मामू, हुकूम आहे. तिकडचा माणूस सोडायचा नाही."

"हुकूम दाखव."

"तोंडी आहे."

"तर मग तो कागदावर उतरव. करार सांगतो, जुनी वाट चालू ठेवायची. मी करार बघून राहदारी देतोय. तू अडवतोयस, तर अडवलं असं लिही, खाली सही कर." मुन्शीजींनी उर्दूचा बोरू त्याच्यापुढे धरला. "दोन प्रती."

हुसेननं बोरू घेतला. खरंच लिहील असं मला वाटलं. त्यानं भिंतीवरच्या कराराकडे पाहिलं, बाहेर आपल्या माणसांकडे पाहिलं आणि बोरू खाली ठेवला. असा तासभर गेला. कोणी आवाज चढवला नाही. मुन्शीजी मेजामागं बसून राहिले, हुसेन दारात उभा राहिला, आणि मी रांजणाखालच्या वाळूवर ओंजळीनं पाणी घालत राहिलो. शेवटी हुसेन हळू म्हणाला, "जा, मामू, घेऊन जा त्याला. मी तुम्हाला बघितलंच नाही."

"मग बघितलं नाही असं लिहून दे."

त्याच्या माणसांतला एक फिसकन हसला. हुसेनलाही हसू आलं असावं, कारण तो तोंड फिरवून विहिरीकडे पाणी प्यायला निघून गेला. मुन्शीजींनी दोन्ही प्रतींवर मोहर उठवली, छत्री घेतली आणि म्हणाले, चला. ते स्वतः येतील असं मला वाटलं नव्हतं.

पाच मैल आम्ही पायी गेलो. त्यांचे गुडघे दुखत होते, दर अर्ध्या मैलाला ते छत्रीवर भार देऊन थांबत. वाटेत दोन गावं लागली. दोन्हींच्या वेशीत हत्यारं घेतलेली माणसं होती. दोन्हीकडे मुन्शीजींनी राहदारी पुढे केली, आणि दोन्हीकडे कोणी ती हातात घेतली नाही. माणसांनी त्यांच्या टोपीकडे पाहिलं, पांढऱ्या दाढीकडे पाहिलं, सलाम केला आणि बाजूला झाली. मुन्शीजी समाधानानं कागद परत खिशात घालत. कागदानं वाट दिली असं त्यांना वाटत होतं.

चांदवडीत किसनराव पाटील पुढे आले. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. "लई उपकार झाले, मुन्शीजी."

"उपकार कशाचे, पाटील? हा तुमचा हक्क आहे."

"हक्क असू द्या न्हायतर काय बी असू द्या. मानूस आला न्हवं."

वरच्या आळीत मी तिसऱ्या प्रहरापर्यंत सगळी मुलं टोचली. खालच्या आळीत अडलं. तिथं दोन घरांत देवी आल्या होत्या आणि बायका दारात आडव्या उभ्या होत्या. देवी परत जाईपर्यंत आळीत सुई लावू देणार नाही, तिचा कोप होईल, म्हणाल्या. किसनरावांनी समजावलं, मुन्शीजींनी समजावलं. त्यातल्या एका म्हातारीनं शेवटी एवढं कबूल केलं, की आठ दिवसांनी या, तवर ती जाईल, मग टोचा. नाहीतरी आठव्या दिवशी मला यायचंच होतं आणि नळ्याही संपल्या होत्या. मी खालच्या आळीची यादी केली. चौतीस नावं झाली. मुन्शीजींनी यादी माझ्याकडून वाचून घेतली आणि राहदारीच्या पाठीमागे लिहिलं : बाकी चौतीस, आठव्या दिवशी परत येणं जरूर.

नाक्यावर परतलो तेव्हा दिवस मावळत आला होता. मुन्शीजींनी नोंदवही उघडली. मी त्यांना म्हणालो, ही एक नोंद करू नका. आठ दिवस थांबा, माझी दुसरी खेप होऊ द्या, मग हवं ते लिहा.

त्यांनी बोरू खाली ठेवला. माझ्या बोलण्याचा त्यांनी खरोखर विचार केला, हे मी पाहिलं.

"लिहिलं नाही तर काय होईल, गोविंदराव? मी तुमच्यावर मेहेरबानी केली असं होईल. मेहेरबानी माझ्या मनावर असते. उद्या माझं मन फिरलं, किंवा मी नसलो, तर चांदवडीवाल्यांनी कोणाच्या तोंडाकडे बघायचं?"

"पण लिहिलंत तर तुम्ही इथं राहणार नाही."

"मग दुसरा येईल. त्याच्यापुढं हा कागद असेल. तुमच्या बार्शीतही असेल."

तेव्हा मला बोलता आलं असतं. लाल फडक्यातलं गाठोडं डोळ्यांपुढं होतं. पण दिवसभर चाललेल्या त्या म्हाताऱ्या माणसाला ते सांगावंसं वाटलं नाही. त्यांनी सगळं लिहिलं. तोंडी हुकूम काय होता, करारात काय आहे, राहदारी कोणत्या आधारानं दिली. हुसेन जमादार यांनी "मी बघितलं नाही" असं सांगितलं, हेही. खरं होतं म्हणून. पहिली प्रत धाराशिवला गेली, दुसरी बार्शीला.

आठव्या दिवशी मी नळ्या घेऊन गेलो. मुन्शीजींच्या जागी एक तरुण अंमलदार होता. मेजावर एकच टाक होता. भिंतीवरचा करार काढलेला होता, खळीचे चार डाग तेवढे राहिले होते. मुन्शीजींना कामावरून काढून मुरुमला पाठवलं होतं. हुसेनला धाराशिवला नेऊन मारहाण केली होती, नोंदीतल्या त्याच्या त्या एका वाक्यासाठी. मी राहदारी मागितली, तो नाही म्हणाला. मी म्हणालो, नाही असं लिहून द्या, दोन प्रती. त्यानं माझ्याकडे वेड लागलेल्या माणसाकडे बघावं तसं पाहिलं. रांजणाखालची वाळू कोरडी पडली होती. संध्याकाळपर्यंत बसलो आणि नळ्या घेऊन परत आलो.

श्रावणात निजाम सरकारनं हिंदुस्थानविरुद्धची तक्रार राष्ट्रांच्या परिषदेत नेल्याची बातमी आली. मुन्शीजी असते तर विचारलं असतं, असं मनात आलं : आधी आपल्या घरचं लिहिलं का?

अनंत चतुर्दशीच्या सुमारास पोलीस ॲक्शन झाली. चार-पाच दिवसांत निजामाचं राज्य संपलं. करार, नाका, हद्दीचे दगड, सगळंच संपलं. चांदवडीला जायला आता राहदारी लागत नव्हती. मी गेलो. खालच्या आळीत यादी घेऊन घरोघर फिरलो. चौतीसपैकी नऊ नावांपुढे कोणती खूण करायची, ते आमच्या खात्याच्या नियमांत नव्हतं. मुन्शीजींनी ती एक नोंद लिहिली नसती, तर आठव्या दिवशी ते त्या मेजामागं असते. आणि मी गाठोड्याबद्दल बोललो असतो, तर कदाचित त्यांनी ती लिहिली नसती. हे मी बारा वर्षं दोन्ही बाजूंनी मांडून पाहिलं आहे. बेरीज तीच येते.

चांदवडीतच किसनरावांनी सांगितलं, "मुन्शीजीला धाराशिवला धरलंय. नाक्यावरचा मानूस म्हनून. रझाकाराचा मुन्शी म्हनत्यात त्येला." त्या दिवसांत धरलेल्या माणसाचं काय होईल, ते त्याच्या बाजूनं कोण काय घेऊन येतं यावर होतं. मी बार्शीला आलो आणि दप्तरखान्यातलं गाठोडं सोडलं. पाकिटं तारखेनुसार लावलेली होती, एवढं बरं. उन्हाळ्यातलं ते पाकीट सापडलं. मोहर जशीच्या तशी होती. फोडून बघायचा मोह झाला. पण पाकीट फोडलं तर कोणीही म्हणेल की कागद मागाहून घातला. म्हणून ते तसंच घेतलं, तालुका कचेरीची चिठ्ठी घेतली आणि किसनरावांना बरोबर घेऊन धाराशिवला गेलो.

एका शाळेच्या वर्गात एक लष्करी अधिकारी बसले होते. थकलेले, पण ऐकून घेणारे. मुन्शीजींना आणलं. शेरवानी नव्हती, छत्री नव्हती, टोपीही नव्हती. टोपीशिवाय त्यांना मी कधी पाहिलं नव्हतं. मुरुमला मधल्या दिवसांत काय झालं ते त्यांनी सांगितलं नाही, मी विचारलं नाही. मी मुद्दे पाठ करून आलो होतो. पाकीट मेजावर ठेवलं आणि पुराव्याचं बळ जिथं होतं तेच आधी सांगितलं.

"साहेब, मोहर बघा. पाकीट बार्शीला पोचलं तेव्हापासून हे कोणी उघडलेलं नाही."

बोलून गेलो आणि मग मुन्शीजींकडे पाहिलं. ते मोहरेकडे बघत होते. मग माझ्या काखेतल्या गाठोड्याकडे पाहिलं. फडकं सुटलं होतं आणि बाकीच्या पाकिटांच्या कडा दिसत होत्या. प्रत्येकीवर लाल ठिपका. त्यांनी तोंडानं मोजलं नाही. नुसतं पाहिलं.

अधिकाऱ्यांनी पाकीट फोडलं, एका कारकुनाकडून मोडी वाचून घेतली. किसनरावांनी आपलं सांगितलं. अधिकारी म्हणाले, "मुन्शी, अशा दिवसांत तुम्ही माणुसकी दाखवलीत. मोठी मेहेरबानी केलीत या लोकांवर."

मी वाट पाहिली. मुन्शीजी आता म्हणतील, मेहेरबानी नाही साहेब, हक्क होता. ते काही बोलले नाहीत.

सुटकेचा कागद लिहिला गेला. शिक्का उठला. कागद मुन्शीजींच्या हातात दिला. तेव्हा मीच म्हणालो, "साहेब, याची दुसरी प्रत?"

"कशाला?" अधिकाऱ्यांनी विचारलं. मी मुन्शीजींकडे वळलो.

"असू द्या, गोविंदराव," ते म्हणाले.

बाहेर आल्यावर किसनराव गाडी बघायला गेले. मुन्शीजी पायरीवर थांबले. छत्री नसल्यामुळे हाताचं काय करावं ते त्यांना कळत नसावं. मग त्यांनी विचारलं, "ते चौतीस?"

"पंचवीस बरे आहेत," मी म्हणालो.

त्यांनी मान हलवली. मग त्यांचे ओठ हलू लागले. ओंदु, एरडु, मूरु. एकेक बोट मिटत गेलं. एक हात पुरा मिटला, मग दुसऱ्या हाताची चार बोटं. ओंबत्तु. तिथं ते थांबले. पायऱ्या उतरून ते रस्त्याला लागले. किसनराव गाडी घेऊन आले, तोवर ते वळणापर्यंत पोचले होते. दोन्ही मुठी तशाच होत्या, डाव्या हाताचा अंगठा तेवढा बाहेर.